कुरकुरीचा उपवास

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी आजारी पडलं की भेटायला येणारे दोन गोष्टी घेऊन येतात, केळी आणि पवित्र शास्त्रातलं वचन. केळी काळी पडायला लागली की शेजाऱ्यांच्या लेकरांना वाटून टाकता येतात. वचनाचं तसं करता येत नाही. सांगणारा चहा पिऊन निघून जातो आणि वचन तिथंच खुर्चीत बसून राहतं. माझ्या आजारपणात सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं वचन एकच होतं. मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांनी अरण्यात कुरकुर केली, तशी आपण करू नये.

ज्यांच्या उशाशी आत्ता केळी आहेत त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. औषधांचं काय ते डॉक्टर सांगतील. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगणार आहे, आणि थोडं रागानंच सांगणार आहे. राग गेल्यावर लिहायला बसू असं ठरवलं होतं, पण तो जायचं नाव घेत नाही.

मी मार्था. गारखेड्यात राहते, घरी ब्लाउज शिवते आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवते. ब्लाउज पोटासाठी, पेटी माझ्यासाठी. माझे वडील प्रचारक होते, पिशोरच्या आसपासच्या वस्त्यांवर भजनं घेऊन फिरायचे. पेटी त्यांच्याही आधीची. निजामाविरुद्धच्या पोलिस अ‍ॅक्शननंतर गाव सोडून निघालेल्या एका मुनशीकडून आजोबांनी ती घेतली होती. मला अक्षरांच्या आधी स्वर कळायला लागले. मागच्या ओळीत कुणाचा स्वर उतरला ते मी पाठमोरी बसून सांगायचे, आणि तोंडावर सांगायचे, म्हणून अर्धं गायन मंडळ कायम माझ्यावर रुसलेलं असायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण ही गोष्ट माझ्या कानांची आहे.

निदान

पहिल्यांदा टीबी झाला तेव्हा गोळ्यांचा कोर्स पुरा केला, बरी झाले आणि मंडळीत पेढे वाटले. वर्ष सरतं न सरतं तोच तो परत आला. ह्या वेळी तो साध्या औषधांना जुमानेना. मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं आणि सांगितलं की आता औषध लांबेल, आणि त्यातले बरेच महिने रोज कमरेत इंजेक्शन घ्यावं लागेल. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. ह्या इंजेक्शनानं काहींच्या कानांवर परिणाम होतो. शिट्टीसारखा आवाज यायला लागला, ऐकू कमी आलं, तर वाट बघू नका, लगेच येऊन सांगा.

मी कानांचं ऐकून गार पडले होते. माझे मिस्टर शांतवन ह्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांना विचारलं की हे मंडळीत सांगावं लागेल का.

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की खोकला थांबला. शांतवन वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर, आणि मंडळीच्या पंच कमिटीत. घरी पिशोरची बोली बोलतात, मंडळीत उभे राहिले की छापील बोलायला लागतात. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा लोक येतात, मग बायको येते.

घरी आल्यावर मी आग्या सापांची गोष्ट काढून वाचली. लहानपणापासून ऐकलेली. लोकांनी कुरकुर केली, देवानं साप पाठवले, लोक मेले, मग त्यांचा पुढारी मोशे ह्यानं पितळेचा साप खांबावर लावला आणि जो त्याच्याकडे बघेल तो वाचला. रविवारच्या शाळेत मी स्वतः ही गोष्ट पोरांना शिकवली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं की देवानं त्यांना सापाकडे बघू नका असं म्हटलं नाही. ज्यानं डसलं त्याच्याकडेच मान वर करून बघायला लावलं. आमच्या घरात मात्र टीबी हा शब्दच बंद झाला. शांतवन फोनवर "हिची जरा तब्येत" एवढंच म्हणायचे आणि पुढचं वाक्य गिळून टाकायचे.

रोजचा मान्ना

सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, मूठभर गोळ्या सिस्टरसमोर गिळायच्या, रिक्षानं घरी यायचं, ओकायचं, झोपायचं. रविवारी इंजेक्शनाला सुट्टी, म्हणजे माझा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, सरकारनंच पाळला. कमरेला दोन्हीकडे गाठी झाल्या. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायच्या आणि शेकताना सरकार, डॉक्टर, इंजेक्शन बनवणारा आणि ते पोचवणारा ड्रायव्हर अशा सगळ्यांना शिव्या घालायच्या. तेवढा वेळ मला बरं वाटायचं.

ताकद भरून यावी म्हणून रोज उकडलेली अंडी. आधी मी आवडीनं खाल्ली, पुढे नाक दाबून, आणि नंतर ती सोलायचा वाससुद्धा नको झाला. इस्राएल लोकांना रोज तोच आकाशातून पडणारा मान्ना खाऊन कंटाळा आला आणि मिसरातले कांदे, लसूण, मासे आठवले, ह्यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत. सगळ्या प्रवचनकारांचं त्यांच्याबद्दल मत वाईट. मला एकानं तरी सलग वर्षभर उकडलेलं अंडं खाऊन मग बोलावं. मला शहागंजच्या बाजूचा मटणाचा नान खलिया स्वप्नात दिसायचा, त्याच्यावरची तर्री दिसायची आणि उठल्यावर रडू यायचं.

अरण्यात चाळीस वर्षं चालूनही त्यांचे जोडे झिजले नाहीत असं शास्त्र सांगतं. माझ्या चपला एक्स-रेच्या दाराबाहेरून पहिल्याच महिन्यात चोरीला गेल्या.

थुंकी स्वच्छ होईपर्यंत लोक दारातूनच भेटून जायचे. उंबऱ्याबाहेर उभं राहून "सलाम मार्थाबाई" म्हणायचे आणि पिशवी आत सरकवायचे. त्यांनी घाबरू नये असं मी म्हणत नाही, मीही घाबरलेच असते. पण घाबरलेला माणूस उपदेश का करतो ते मला कळत नाही. गायन मंडळातली एक बाई दारातून मला मिर्यामची गोष्ट सांगून गेली. मोशेची बहीण मिर्याम मोशेविरुद्ध बोलली आणि तिच्या अंगावर कोड उठलं. रोख मला कळला. मंडळीत पेटीच्या जागी कीबोर्ड आणायचा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा विचार होता आणि मी त्याला उघड विरोध केला होता. मी तिला आतून ओरडून सांगितलं की त्यांचा भाऊ अहरोनही तिच्याबरोबर तेच बोलला होता आणि त्याला साधी खरूजसुद्धा झाली नाही. ओरडल्यामुळे खोकल्याची उबळ आली आणि ती घाईनं निघून गेली.

डबा

औषध लागू पडलं. थुंकीचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा शांतवन दवाखान्याच्या आवारातच डोळे पुसत होते. पाळकसाहेबांनी रविवारी जाहीर केलं की ईस्टरच्या उपासनेत मार्थाबाई पुन्हा पेटीवर बसतील आणि बरं झाल्याची साक्ष देतील. औषध अजून अर्धंही झालं नव्हतं. पण आमच्याकडे साक्ष एकदा जाहीर झाली की आजारानं वेळेत आटोपतं घ्यावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

त्याच सुमाराला ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. आमच्या मंडळीत ह्या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी चहा सोडतं, कुणी टीव्ही. त्या वर्षी विषय होता इस्राएल लोकांचा अरण्यातला प्रवास, आणि पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीनं, महिला मंडळात नवीन कल्पना मांडली. ह्या वेळी आपण कुरकुर सोडू. प्रत्येक घरी एक रिकामा डबा ठेवायचा. घरातल्या कुणी कुरकुर केली की त्यानं स्वतःच्या हातानं त्यात एक खडा टाकायचा. ईस्टरच्या पहाटे सगळ्यांनी आपापले डबे क्रुसापाशी रिकामे करायचे. बोलल्या फार गोड. पाळकबाई नेहमीच गोड आणि शुद्ध बोलायच्या. त्यांच्या तोंडून गावाकडचा एक शब्द कधी निसटलेला मी ऐकला नव्हता.

शांतवननी आमचा स्टीलचा डबा माझ्या उशाशी आणून ठेवला. शेजारच्या बांधकामावरची खडी वाटीत भरून त्याच्याजवळ ठेवली. माझ्या उशाशीच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तूच घरी असती ना दिवसभर." मी पहिला खडा तिथंच टाकला.

शिट्टी

एके दुपारी मला वाटलं शेजारी कुणी कुकर लावलाय आणि बंद करायला विसरलंय. उठून बघितलं तर शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. शिट्टी माझ्या डाव्या कानात होती. बारीक, वरच्या सुरातली, न थांबणारी. मी पेटीपाशी गेले, भाता धरला आणि तिचा स्वर शोधला. सापडला, पण पट्टी दाबल्यावर तो स्वर मला नीट ऐकूच येईना. शिट्टी त्याच्यावर बसली होती.

शांतवन कामावरून आले तसं मी सांगितलं. त्यांनी बूट काढता काढता ऐकलं आणि म्हणाले की अशक्तपणामुळं असेल. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, आता कुठं औषध लागू पडलंय, त्यात खोट काढू नको. तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त डबा माझ्याकडे सरकवला. मी खडा टाकला. रागानं इतका जोरात टाकला की तो उडून खाटेखाली गेला, मग दुसरा टाकला.

असं रोज व्हायला लागलं. मी सांगायचे, ते डबा सरकवायचे. आत्याबाई भाजी निवडत सगळं बघायच्या. सिस्टरला सांगितलं तर त्या म्हणाल्या की तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना नक्की सांगा, विसरू नका.

तपासणीच्या दिवशी मी शांतवनच्या मागे स्कूटरवर बसून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? माझं तोंड उघडायच्या आत शांतवन छापील मराठीत म्हणाले, "प्रभूच्या कृपेनं सर्व ठीक आहे." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात बायका दवाखान्यात नवऱ्याला खोटं पाडत नाहीत, माझ्या आईनं पाडलं नाही, आत्याबाईंनी पाडलं नाही. मी दात आवळून बसले. डॉक्टरांची मान परत केसपेपरात गेली, औषध पुढे चालू राहिलं, आणि मागे चाळीस माणसं रांगेत होती. परत येताना स्कूटरचा आवाज मला एकाच बाजूनं येत होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी देवाशी भांडले. मोठ्यानं. मारा नावाच्या ठिकाणी पाणी कडू लागलं तेव्हा तू मोशेला झाड दाखवलंस, ते त्यानं पाण्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. मला काय दाखवलंस? खडी? एक कान घेतलास, आता दुसऱ्यावर डोळा आहे का तुझा? आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं ह्या पण आता डबा दाखवतील. त्या म्हणाल्या, "बोल बाई. म्या कुनाला सांगत नाय."

पाणी

मग आमच्या घरी घरसभा ठरली. उपवासकाळात दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. गादीवर, खुर्च्यांवर, पायऱ्यांवर माणसं बसली. विषय रफीदीम. इस्राएल लोक तिथं आले, प्यायला पाणी नव्हतं, ते मोशेवर उठले. पाळकसाहेब रंगात येऊन सांगत होते की खरा विश्वासू माणूस घशाला कोरड पडली तरी स्तुती करतो, आणि ह्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर बसलंय, आपल्या मार्थाबाई. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी उजवा कान त्यांच्याकडे करून बसले होते, कारण डाव्यानं आता शब्द तुटक यायला लागले होते.

इतक्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं."

आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. कधी पाच दिवसांनी, कधी आठ. आलं की हातातलं काम टाकून पळायचं. पाळकसाहेबांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. बायका पदर खोचत उठल्या, शांतवन मोटर लावायला धावले, पंच कमिटीचे दोघं जण पाइप धरायला गेले. खुद्द पाळकबाई हंडा घेऊन नळाला उभ्या राहिल्या, कारण त्यांचं आठवडाभर टँकरच्या पाण्यावरच भागत होतं. मी, आत्याबाई आणि पाळकसाहेब तेवढे खोलीत उरलो. पाळकसाहेब शास्त्र बंद करून पंख्याकडे बघत बसले.

अर्ध्या तासात पाणी गेलं. टाकी भरली नव्हती. सगळे ओले होऊन, घामाघूम होऊन, चिडून आत आले. शांतवन म्हणाले, हे चालणार नाही, मी आत्ताच नगरसेवकाला फोन करतो. पंचांपैकी एक जण म्हणाले की फोन काय, मोर्चा नेला पाहिजे. पाळकसाहेबांनीही मान हलवली आणि म्हणाले, "कराच फोन. आपण बोललो नाही तर त्यांना कळणार कसं?"

मी डबा उचलला आणि सभेच्या मधोमध सतरंजीवर उपडा केला. खडी केवढी तरी निघाली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, इतकी कुरकुर.

मी एक खडा उचलला आणि म्हणाले, "हा माझ्या कानाचा." दुसरा उचलला. "हाही कानाचा. हाही. कानात शिट्टी वाजते असं मी यांना रोज सांगितलं, आणि रोज मला खडा टाकायला लावला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं झालं तर लगेच या. पाळकसाहेब, नगरसेवकाला फोन केला तर ती कुरकुर होत नाही. मग माझी कशी होते?"

शांतवनचा फोन हातातच होता. ते छापील मराठीत काहीतरी सुरू करणार होते, तेवढ्यात आत्याबाई कोपऱ्यातून बोलल्या. "म्या रोज ऐकलंय. ती सांगती, ह्यो डबा म्होरं करतो. आता काय सांगतूस बाबा, गप बस."

मी पुढे आणखी बोलले. सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं. रफीदीमला लोकांना तहान लागली होती आणि त्यांनी पाणी मागितलं. देवानं त्या दिवशी कुणाला मारलं नाही, खडकातून पाणी काढून दिलं. आपण सापांची गोष्ट तास तास सांगतो आणि खडकाची दोन वाक्यांत उरकतो. मोशेसुद्धा एकदा देवाला म्हणाला होता की हे ओझं मला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. त्याच्या घरी कुणी डबा ठेवला होता का?

पाळकसाहेब माणूस प्रामाणिक. त्यांनी शास्त्र पुन्हा उघडलं नाही. शांतवनना एवढंच विचारलं, "दवाखान्यात सांगितलं का?" शांतवननी मान खाली घातली. सभा प्रार्थनेशिवाय संपली, अशी आमच्या घरची ती एकच.

काचेपलीकडे

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. कानांच्या तपासणीची एक छोटी बंद खोली असते, तिला काच असते. मला आत बसवलं, कानांवर जाड पट्टा चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा म्हणाले. सुरुवातीला आवाज आले, मी दाबत गेले. मग आवाज बंद झाले. मी वाट बघत बसले. मला वाटलं मशीन बिघडलं असेल, नाहीतर बाहेरची बाई चहाला गेली असेल.

मी काचेतून बाहेर बघितलं. बाई चहाला गेली नव्हती. ती एकामागून एक बटणं फिरवत होती आणि शांतवन तिच्या शेजारी उभे राहून कधी तिच्या हाताकडे, कधी माझ्या हाताकडे बघत होते. तिच्यासमोर दर वेळी एक दिवा लागत होता. माझा अंगठा हलत नव्हता. शांतवनचा चेहरा बघितला तेव्हा मला कळलं की मशीन चालू आहे.

डॉक्टर रागावले, आणि बरोबर रागावले. इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं, त्याऐवजी दुसरं औषध सुरू केलं आणि कोर्स लांबला. डावा कान बराचसा गेला होता. उजव्याचे वरचे स्वर गेले होते, बोलणं राहिलं होतं. गेलेलं परत येत नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. आधी आला असता तर, एवढं बोलून ते थांबले. पुढचं आम्हाला दोघांनाही ऐकू आलं.

बाहेर बाकावर शांतवन येऊन बसले. मग म्हणाले, "इंजेक्शन बंद करतील ह्याचं मला भ्या होतं. पयल्यांदा असंच गोळ्यावर बरी झाली आन् परत आलं. मला वाटलं, कान गेला तर जाऊ दे, तू राहिली पायजे. पर तुला इचारलंच नाय."

मला त्यांना माफ करायचं नव्हतं, आणि त्यांनी माफी मागितलीही नव्हती. ते खाली जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले आणि येऊन माझ्या उजव्या बाजूला बसले. तेव्हापासून ते त्याच बाजूला बसतात. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी काही त्रास आहे का असं विचारलं. शांतवननी सवयीनं तोंड उघडलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग." मी सांगितलं, सगळं, गुडघ्यांपासून स्वप्नांपर्यंत. मागची रांग कुरकुरायला लागली तरी थांबले नाही.

नंतर

टीबी गेला. कोर्स पुरा झाला, रिपोर्ट येत राहिले, सगळे चांगले. ईस्टरला जाहीर झालेली साक्ष मी दिली नाही. कुणी विचारलं की सांगते, बरी झाले आणि एक कान गेला. दोन्ही एकाच वाक्यात सांगते, त्यातलं एक गाळायला मला कुणी सांगू नये.

पेटी वाजवते. वरच्या सप्तकात बोटं जातात, पट्टी खाली जाते आणि मला फक्त लाकडाचा आवाज येतो. तिथं स्वर लागला असं समजून पुढे जाते. मागच्या ओळीत कोण बेसूर गातं ते मला आता कळत नाही, आणि गायन मंडळ माझ्यावर एकदम खूश आहे. ह्याचं मला अजून रडू येतं. काही जण म्हणतात ह्यात देवाची योजना असेल. असेलही. त्यानं ती मला अजून समजावून दिलेली नाही, आणि मी विचारायचं सोडलेलं नाही.

अरण्यातून निघालेले बहुतेक लोक देवानं कबूल केलेल्या कनान देशात पोचलेच नाहीत, हे आम्ही भराभर वाचून पुढे जातो. जे पोचले तेही काहीतरी मागे पुरून पोचले असतील.

गेल्या वर्षी पाळकबाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. मी दौलताबादचे पेरू घेऊन भेटायला गेले, केळी मुद्दाम नेली नाहीत. खोली भरलेली होती. पाळकबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि प्रत्येकाला हसून, शुद्ध मराठीत सांगत होत्या की प्रभू चांगला आहे, मला कसलीही चिंता नाही. लोक माना हलवत होते. टेबलावर केळी होती. कपाळावर घाम होता तो त्या हसता हसता पुसत होत्या.

मी लोकांना सांगितलं की बाईंना जरा पडू द्या, चहा बाहेर ठेवलाय. चहा ठेवलेला नव्हता, पण सगळे गेले. मी दार लोटलं, खुर्ची खाटेच्या त्या बाजूला नेली जिथून माझा उजवा कान त्यांच्या तोंडाजवळ येईल, आणि बसले.

म्हणाले, "बाई, हा कान चांगला आहे. ह्याच्यात बोला."

त्या हसल्या. मग हसू हळूहळू गेलं. माझा हात धरून, पंधरा वर्षांत मी कधी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती त्या त्यांच्या गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, "मार्थाबाई, मला लई भ्या वाटतंय."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि म्हणाले, "सांगा. सगळं सांगा."